काटकसरीची वही: दोन पोरं, शंभर किलो गहू आणि हुकलेला एप्रिल

२ मार्च २०२५, रविवार

आजपासून लिहायला घेतो. घर धायरीला, भाड्याचं. थोरली पाच वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. बायकोने धाकटा वर्षाचा होईपर्यंत बिनपगारी रजा वाढवून घेतली आहे, म्हणजे सध्या पगार एकच. आई साताऱ्याकडून येऊन-जाऊन असते. भाडं आणि शाळेची फी सोडून महिन्याला बत्तीस हजार जातात. ते चोवीसवर आणायचे.

आज फेब्रुवारीत फोनवरून दिलेले सगळे पैसे वहीत उतरवले. अडीच तास लागले. दोनशेच्या आतले ७१ व्यवहार, बेरीज ६,८४०. एके ठिकाणी कोथिंबीर १५ रुपयांची आणि ती घरी आणून द्यायचे २५. ती कोथिंबीर मीच मागवली होती, मॅच बघताना.

दहा मिनिटांत सामान आणून देणारी दोन्ही ॲपं दोघांच्या फोनवरून काढली. आता फ्रिजवर चिठ्ठी, आणि आठवड्यातून एकदाच खरेदी. हे वाचून कोणी सुरुवात करणार असेल तर इथूनच करा. (नंतरची भर: पुढे आम्ही जे काही उद्योग केले, त्यातल्या कशानेही एवढा फरक पडला नाही.)

९ मार्च, रविवार

पहिला आपटीबार. गुलटेकडीला मार्केट यार्डात सकाळी सहाला गेलो. टोमॅटो अर्ध्या भावाने, पण अख्खं क्रेट घ्यायचं. घेतलं. वीस किलोच्या वर भरलं. गुरुवारपर्यंत निम्मे पाणी सुटून गेले. उरलेल्याची बायकोने प्युरी करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली, तिची दुपार गेली. शेजारच्या दोन घरांबरोबर वाटून घ्यायचं असेल तरच यार्ड, नाहीतर वडगावची मंडई बरी.

२३ मार्च, रविवार

लंगोट.

डायपर दिवसाला सहा, एक ११ रुपयांना. महिन्याचे १,९८०. आईने तिच्या दोन जुन्या सुती साड्या आणि आजोबांचं ठेवणीतलं धोतर आणलं आणि २४ लंगोट शिवले. दुहेरी कापड, त्रिकोणी, कमरेला नाडी. नाडीचे ६० रुपये, अंथरायला रबरी शीट १८०. दुकानात शिवलेले जाड कापडी नॅपी मिळतात, पण ते पावसात दोन-दोन दिवस वाळत नाहीत असं दोघांनी सांगितलं, म्हणून साधेच. दोन नवे फ्लॅनेलचे आणले होते, त्यांच्यावरून पाणी चक्क ओघळलं. चार-पाच वेळा धुऊन झाल्यावर ते शोषायला लागले. जुन्या साडीला ही भानगड नाही.

दिवसा लंगोट, रात्री एक डायपर. पहिल्या दिवशी १४ लंगोट आणि माझी एक पँट.

१३ एप्रिल, रविवार

धाकट्याला पुरळ आलं. जांघेत लालभडक. डॉक्टरांचे ५००, मलम १३०. या महिन्यात लंगोटांनी वाचवलेल्यातले ६३० गेले.

चूक आमचीच. बादलीत दिवसभर साठवल्याने वास यायचा, म्हणून बायको पावडर जास्त टाकायची आणि मी वरून मऊपणाचं ते निळं लिक्विड ओतायचो. पावडर कापडात राहिली, आणि त्या लिक्विडने कापडावर थर बसून शोषणंच कमी झालं. म्हणजे ओलं कापड अंगाला, वर साबण.

आता असं करतो: शी झालेला लंगोट लगेच नळाखाली. बाकीचे साध्या पाण्यात, बादली झाकून, फार तर एक रात्र. सकाळी मशीनला निम्मी पावडर, दोनदा खळबळून काढायचे, उन्हात वाळवायचे. ते लिक्विड बंद. पाच दिवसांत पुरळ गेलं.

२० एप्रिल, रविवार

सिलिंडर बदलला तेव्हा खडूने त्यावर तारीख घातली. मागचा ३३ दिवस पुरला होता. गोधडीची पेटी करून बघायची ठरवली: भाताला उकळी आली की भांडं उबेत ठेवायचं, पुढचं आपोआप शिजतं.

थर्माकोलचा खोका मासळीवाल्याकडून फुकट मिळाला. दोनदा व्हिनेगरने धुतला, उन्हात ठेवला. आई माळकरी. तिने झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाली, "यातला भात मी खायची नाही, आणि पोरांनाही घालू नकोस." वास खरंच होता. खोका आता गच्चीवर, पुदिना लावलाय.

मग वेताची मोठी पाटी, तळाला जुनी उशी, सगळीकडून गोधडी. दोन वाट्या तांदूळ, उकळी फुटल्यावर पाच मिनिटं गॅसवर, मग घट्ट झाकण लावून पाटीत पस्तीस मिनिटं. पहिल्या दिवशी मी मधे तीनदा उघडून बघितला, भात कच्चा राहिला. दुसऱ्या दिवशी हात लावला नाही, मोकळा झाला. मूग-मटकीला कुकरची एक शिट्टी आणि मग पाटीत तासभर. राजमा पाटीत घालायचा नाही, तो खळखळून उकळलाच पाहिजे. धाकट्याचं खिमट रोज ताजं, गॅसवर. आणि पाटीतलं रात्रभर ठेवायचं नाही. कोमट झालं की आंबायला वेळ लागत नाही.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आईचा धोशा गुढीपाडव्यापासून चालू आहे: गहू भर, ऊन आहे तोवर वाळव. एप्रिलात ऑफिसात वर्षअखेरीचं काम उरलेलं, म्हणून मी रजा १९ मेपासून टाकली आहे. मे महिना म्हणजे कडकच ऊन की.

११ मे, रविवार

भुसार बाजारातून लोकवन गहू १०० किलो, ३५ रुपयांनी. हमाली आणि टेम्पो ३५०. पत्र्याची कोठी एक नवी, १,६००. दुसरी आईने गावाहून पाठवली. तूरडाळ २० किलो, ११२ रुपयांनी (आमच्या दुकानात १४०).

कीड लागू नये म्हणून दुकानदार पारदाच्या गोळ्या घ्याच म्हणत होता. त्यात पारा असतो. घरात रांगतं पोर, मिळेल ते तोंडात. नको म्हटलं. मग त्याने आवाज बारीक करून "गॅसची गोळी" सुचवली. ती ॲल्युमिनियम फॉस्फाईडची, दमट हवा लागली की विषारी वायू सोडते. ती गोदामात जाणकाराने वापरायची वस्तू. राहत्या घरात ठेवून माणसं मेलेली आहेत. कोणी कितीही सांगितलं तरी आणू नका.

२१ मे, बुधवार

रजेचा तिसरा दिवस, आणि अजून एकही पायली वाळलेली नाही.

सोमवारी सकाळी गच्चीवर चादरी अंथरून ५० किलो पसरला. दुपारी आभाळ भरून आलं. मी, बायको आणि वॉचमन, तिघांनी चादरी गोळा केल्या तरी एका चादरीवर सडा पडलाच. काल तर धो धो. बुलेटिनवाले सांगतात, अजून आठवडाभर हेच.

मग दिवाणखान्यात पसरला, पंखा पाचवर. सोफा उभा करून भिंतीला लावला. संध्याकाळी फोनवर बोलत होतो, पाच मिनिटं पाठ वळली, तेवढ्यात धाकटा गव्हाच्या मधोमध जाऊन बसला. दोन्ही मुठी भरलेल्या, गाल फुगलेले, आणि चेहऱ्यावर एवढी शांतता की मला आधी हसूच आलं. बायको धावली. पालथा करून, बोट फिरवून दाणे काढले. दोन नाकपुडीच्या तोंडाशी होते. श्वासनळीत गेला असता तर, हे त्या रात्री दोघांनीही मोठ्याने बोलून दाखवलं नाही. आता मधे बाजेची आडवी भिंत आहे आणि एक माणूस पहाऱ्याला.

२६ मे, सोमवार

मान्सून पुण्यात आल्याचं आज जाहीर झालं. एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. मुंबईतही आजच पोचला.

आईने फोनवर विचारलं, "दाणा दाताखाली कट् वाजतो का?" वाजत नव्हता. नुसता दबत होता. पण रजा संपली, घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून भरला. एका कोठीत आमच्या मागच्या झाडाचा कडुनिंबाचा पाला घातला. पाला दोन दिवस सुकवला होता. पुरे झालं असं मला वाटलं.

तूरडाळीचं काम मात्र नीट झालं. हाताला एरंडेल घेऊन पाच किलोला एक मोठा चमचा, डाळ चोळून चोळून चकचकीत केली. थोरलीने दोन तास मन लावून चोळली, नंतर सोफ्याला हात पुसले.

१५ जून, रविवार

संध्याकाळी मी हौसेने बायकोला मेचा हिशेब दाखवला. एकूण ५,१०० वाचले. तिने वही घेतली, वाचली आणि म्हणाली, "किती वाचले ते लिहिलंयस. राबलं कोण ते कुठंय?"

रागाने नव्हती म्हणाली. भाजी निवडत होती.

मग बसून आठवून तासांचा रकाना भरला. टोमॅटो, लंगोट, गहू, नाचणी सत्त्व (भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, भाजणं, दळून आणणं), कुरडया. मे महिन्याचे ६४ तास. तिचे ३२, आईचे २१, माझे ११, त्यातले पाच गच्चीवरचे आणि वाया गेलेले. म्हणजे ५,१०० रुपये वाचवले ते मुख्यतः दोन बायकांनी, तासाला ८० रुपयांच्या भावाने. आणि वहीत शाबासकी मी स्वतःला देत होतो.

बदल: पहाटे साडेपाचला लंगोटांचं मशीन लावणं, खळबळणं, वाळत घालणं माझ्याकडे. दळणही माझ्याकडे. सत्त्व बंद, त्याऐवजी नाचणीचं पीठ गिरणीतून थेट. मोडाच्या नाचणीची सर नाही, पण धाकट्याला पत्ता लागला नाही.

२९ जून, रविवार

पावसात लंगोट वाळेनात. घरात तीन दोऱ्या, डोक्याला लागणारी ओळ, सगळ्या घराला दमट वास. इस्त्रीने वाळवायला गेलो तर एकेकाला चार मिनिटं. वीज, वेळ दोन्ही गेलं. तीन दिवसांनी सोडून दिलं. पावसाळाभर दिवसाला तीन डायपर, महिन्याचे ९९०. पुरळ अंगावर काढण्यापेक्षा हे परवडलं.

गीझर: दोन किलोवॉटचा, अर्धा तास चालला की एक युनिट. सगळ्यांच्या अंघोळी लागोपाठ आटपतो. बिल थोडं उतरलं.

६ जुलै, आषाढी एकादशी

ही नोंद पैशांची नाही, तरी लिहितो.

शुक्रवारी थोरलीच्या वर्गशिक्षिकेचा फोन. खूप जपून बोलत होत्या. घरी काही अडचण आहे का, असेल तर फीचे हप्ते करता येतील. मला कळेना. मग समजलं: डब्यात इतर मुलांसारखं पाकिटातलं काही का नसतं असं कोणी विचारलं, तर ही म्हणाली, "आमच्याकडे पैसे संपलेत. बाबा रोज मोजतात आणि तरी कमीच येतात."

मार्चपासून तिने काहीही मागितलं की मी "परवडत नाही" म्हणत होतो. फुगा, आइस्क्रीम, स्टिकरं, सगळ्याला तेच उत्तर. सोपं पडतं. पाच वर्षांच्या पोरीने त्याचा अर्थ लावला तो असा. रात्री झोपताना ती बायकोला विचारायची की हे घर आपलंच राहणार ना. हे बायकोलाही आत्ता उलगडलं, तिला वाटलं होतं घर बदलायचं वगैरे काही ऐकलं असेल.

घरात तो शब्द बंद. "आज घ्यायचं नाही" किंवा "रविवारी बघू" म्हणायचं, आणि रविवारी खरंच बघायचं. शिवाय मंडईत तिला वीस रुपये द्यायचे, त्याचं काय घ्यायचं ते तिने ठरवायचं. आज पहिली खेप. पालक, भेंडी, काकडी सगळीकडे भाव विचारत दोन चकरा मारल्या, म्हातारीशी घासाघीस केली आणि अखेर वीस रुपयांची जांभळं घेतली. घरी येईपर्यंत संपली. जीभ काढून सोसायटीत सगळ्यांना दाखवून आली.

२० जुलै, रविवार

तिच्यासाठी सायकल. नवी साडेपाच हजारांच्या पुढे. जुन्या बाजारातून १,२०० ला आणली. ट्यूब, ब्रेकच्या वायरी आणि बाजूची छोटी चाकं मिळून ६४०. ब्रेक आधी तपासायला हवे होते. माणूस गर्दीत घाई करतो, तिथेच फसतो. रंग आम्ही तिघांनी मिळून लावला, तिघांच्याही कपड्यांना लागला.

१७ ऑगस्ट, रविवार

बायको ४ तारखेपासून कामावर जाते. आई मुक्कामाला.

आज दळणासाठी पाल्याची कोठी उघडली. हात घातला तर गहू आत गरम. झाकणाच्या कडेने सोंडे फिरत होते. वरची वीतभर पोकळ दाणे आणि पीठ. पाला हातात घेतला, मधल्या काड्या अजून हिरवट, वाकत होत्या. म्हणजे कीड लागू नये म्हणून घातलेल्या पाल्यानेच ओल दिली. तो काडी कट्कन मोडेपर्यंत सावलीत सुकवायचा असतो. आई काही बोलली नाही, नुसती चाळण घेऊन बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

चाळून, पाखडून १४ किलो गेला, तो गवळ्याला म्हशीसाठी दिला. चांगल्यातला निम्मा लगेच दळून आणला आणि शेजारी वाटून घेतला. उरलेला पाच-पाच किलोच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीजरमध्ये चार-चार दिवस. आमच्या फ्रिजचा फ्रीजर एवढासा, म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंचा उसना मागितला. अंडी मरतात त्याने. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दाण्यावर पाणी धरतं. एक दिवस तशीच ठेवून मग घट्ट झाकणाच्या डब्यात.

बिनपाल्याची दुसरी कोठी बरी निघाली. तूरडाळीला एक किडा नाही. शिजवायच्या आधी कोमट पाण्याने दोनदा धुतली की एरंडेलाचा वासही येत नाही.

आता गव्हाचा खरा हिशेब. गहू ३५, वाहतूक साडेतीन, दळणावळ ८: पीठ पडलं साडेसेहेचाळीस रुपये किलो. दुकानातलं पाकिटातलं पीठ ४८. शंभर किलोमागे वाचले १५०. म्हशीला घातले ५३९. कोठीचे १,६०० वेगळे. हा हिशेब मी मे महिन्यात, टेम्पो सांगायच्या आधी, पाच मिनिटांत करू शकलो असतो.

५ ऑक्टोबर, रविवार

गणपती, नवरात्र सगळं या सात आठवड्यांत झालं, वहीला हात लागला नाही. सप्टेंबरचा खर्च २७,९००. सणाला मी चोवीसचा हट्ट धरला नाही.

सिलिंडर ४१ दिवस पुरला. असंच चाललं तर वर्षाचे दोन वाचतात. गोधडीची पाटी आता आईसुद्धा वापरते, "आमच्याकडे चुलीच्या राखेत ठेवायचो, तेच की हे" म्हणत.

९ नोव्हेंबर, रविवार

ऑक्टोबर दिवाळीचा होता, तो धरत नाही. दिवाळी सोडून सरासरी २५,६००. चोवीस काही झाले नाहीत. तास २९, माझे १५, तिचे ८, आईचे ६.

टिकलं ते: चिठ्ठी आणि आठवड्याची खरेदी, पाटी, डाळीचं एरंडेल, दिवसाचे लंगोट. धाकटा आता चालतो आणि नाडी स्वतः सोडतो, त्यामुळे लंगोटांचेही दिवस भरत आले. चार फाटके होते ते फरशी पुसायला गेले.

गेलं ते: सत्त्व, कुरडया, यार्डातली क्रेटं, इस्त्री.

गहू हिशेबाने बंद व्हायला हवा. पण घरच्या पिठाच्या पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. बायकोचा आणि थोरलीचा, दोन्ही डबे हल्ली चाटूनपुसून परत येतात. पन्नासच किलो घ्यायचा, शेजारच्यांबरोबर टेम्पो वाटून, आणि ऊन असताना वाळवायचा, असं ठरलं.

आज रजेचा अर्ज भरला, १३ ते १६ एप्रिल २०२६. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" टाकत होतो. बायको मागून वाचत होती. म्हणाली, "अरे, खरं ते लिही ना. गहू वाळवणे."

लिहिलं तसंच. साहेबांनी अजून मंजूर केलेली नाही.